हरणीचं माहेरपण

माझा डावा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता आणि गाईची मालकीण मला समजावून सांगत होती की गाय आजारी नाहीच.

"तिले काही झालं नाही डॉक्टर. तिले माहेरची आठवण येऊन राहिली."

मी हात तसाच ठेवून मान वळवली. सुशाताईंनी गाईची शेपटी एका बाजूला धरली होती. चेहरा एकदम सिरियस. जोक नव्हता.

"माहेरची म्हणजे?"

"तात्यापाऱ्यातली आहे न ती. आमच्याच घरची. माह्या लग्नात आईनं देली. आता नेऊन सोडतो तिले. महिनाभर राहिली का बरी होते पाहा."

आणि हे ऐकून हरणी, म्हणजे ती गाय, हगली. माझ्या एप्रनवर, चपलेवर, सगळीकडे. नळ सोडल्यासारखं पातळ, हिरवं, वर बुडबुडे.

थांबा, जरा मागे जाते, नाहीतर सगळंच एका दमात टाइप करून टाकीन.

ही गोष्ट रायपूर नवीन-नवीन राजधानी झालं तेव्हाची. अर्ध्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमपी, अर्ध्यांवर सीजी. भोपाळहून साहेब लोक येऊन राहिले होते आणि जुन्या पाऱ्यांमधले, म्हणजे मोहल्ल्यांमधले, लोक वरचा मजला रिकामा करून, चुना मारून, भाडेकरूची वाट पाहत बसले होते. मी नुकतीच जनावरांची डॉक्टर झालेली. बाबा रेल्वेत, त्यामुळे घर रेल्वे कॉलनीत. आणि नोकरी बुढापाऱ्यात सरांच्या क्लिनिकमध्ये. सर म्हणजे रिटायर्ड सरकारी व्हेट. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक लुना आणि मी. मला अभनपूरला पाठवायचं तर सर म्हणायचे, "तुह्या बाबाच्या गाडीनं जाजो." म्हणजे छोटी लाईन, नॅरोगेज. ती गाडी इतकी हळू चालायची की खिडकीतून मी शेतात चरणाऱ्या गाईंचं शेण पाहत जायची. हसू नका. आमच्या धंद्यात शेण पाहिलं की अर्धी गाय कळते.

हरणी म्हणजे अभनपूरच्या सुशाताईंची, साहिवालच्या वळणाची लाल गाय. दुसऱ्यांदा व्यायल्यावर पातळ हगायला लागली होती, आणि दोन्ही वासरं जगली नव्हती. सरांनी आधी जंताचं औषध दिलं. आमच्याकडे धानाची शेती, बांधाबांधात पाणी साचलेलं, त्या गवतातून जंत पोटात जातात, म्हणून पहिला संशय त्यांच्यावरच. फरक नाही. पुन्हा दिलं. पुन्हा नाही. मग सरांनी मला सॅम्पल आणायला पाठवलं.

मोठ्या जनावराच्या आतड्याचे आजार दोन स्वभावाचे असतात. एक तापट. आतडं आतड्यात शिरतं किंवा पीळ पडतो, गाय पोटाला लाथा मारते, शेण बंद होतं, मालक धावत येतो. दुसरा गुपचूप. गाय खाते, पिते, ताप नाही, कुंथत नाही, रक्त नाही. फक्त पातळ हगते आणि वाळत जाते. मालकाला वाटतं, जाऊ द्या, खाते आहे न.

हरणीचा आजार दुसऱ्या स्वभावाचा होता. समोर कुटार टाकलं की तुटून पडायची. पण बरगड्या मोजून घ्या. जबड्याखाली मऊ सूज लोंबत होती. रक्तातलं प्रोटीन आतड्यातून वाहून गेलं की अशी सूज येते.

मी आतड्याचं अस्तर जरासं खरवडून घेतलं. याला रेक्टल पिंच म्हणतात. ते काचेवर पसरवलं, डबीत शेण घेतलं, हात धुतले.

"सुशाताई, रिपोर्ट येईपर्यंत गाय कुठे पाठवू नका हां."

"नाही नाही. काहून पाठवीन?"

हे "काहून पाठवीन" मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. सुशाताई बोलता-बोलता ट्रंकेतून साडी काढून ठेवून राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये स्लाइड स्टेन केली. लाल रंग चढवायचा, मग ॲसिडने धुवायचा. बाकी सगळं धुतलं जातं, पण टीबीच्या खानदानातले जंतू रंग सोडत नाहीत. मी डोळा लावला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या. एकट्या-दुकट्या नाही, झुपके होते, झुपके!

"सर! सर! आहे!"

"ओरडू नको व. आहे तं आहे." सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसला. "जेडी."

जेडी म्हणजे जोन्स डिसीज. कॉलेजमध्ये एक चॅप्टर वाचला होता, खरी केस पहिल्यांदा पाहत होते, म्हणून मी उड्या मारून राहिले होते आणि सर मारून राहिले नव्हते. कारण याला औषध नाही. जंतू आतड्याच्या अस्तरात घर करतो. अस्तर जाड होतं, भिजलेल्या गोधडीसारख्या त्याच्या घड्या पडतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि यातला खरा बदमाशपणा पुढे आहे. मोठ्या गाईला सहसा हा लागत नाही. लागतो वासराला, पहिल्या काही महिन्यांत, घाणीतून नाहीतर आईच्या दुधातून. आणि मग वर्षानुवर्षं गप्प बसतो. वासरू मोठं होतं, छान दिसतं, गाभण राहतं, वितं. मग उघडतो.

"गाय कुठं आहे आता?" सरांनी विचारलं.

"अभनपूरलाच. मी सांगितलं आहे कुठे पाठवू नका."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन पुढे सरकवला. मी सुशाताईंच्या शेजारच्या पीसीओवर फोन लावला. तिकडून एक भैया म्हणाला, "वो तो सुबह टेम्पो में गई ना. गाय भी, भाभी भी."

बुढापाऱ्यापासून तात्यापारा जवळच. लुना सुरू करण्यात वेळ गेला असता, मी पळत गेले. चौक, कपड्यांची दुकानं, एक पत्रिका छापणारा, मग गल्ली. घर सापडायला त्रास नाही झाला. दारातच टेम्पो उभा होता आणि मागच्या आवारातून बायकांचा आवाज येत होता.

गोठ्यात पाहते तर हरणीचं माहेरपण चालू! शिंगांना नवीन खण बांधलेला. कपाळाला हळद-कुंकू. समोर पाटीत गूळ घालून भिजवलेली चुनी. आणि माई, म्हणजे सुशाताईंच्या आई, तिच्या मानेवरून हात फिरवून राहिल्या होत्या.

"किती वाळली व माही पोट्टी. सासरी जीवच रमत नाही इचा."

हरणीच्या शेजारच्या खुंटाला एक मोठी, शांत, चकाकत्या अंगाची गाय. ती कपिला. हरणीची आई. पोट हे एवढं! कास भरत आलेली. आता व्यायला झालेली.

हरणीने शेपटी उचलली. धार नालीतून वाहत कपिलेच्या मागच्या पायांखालून गेली. जिथे वासरू पडणार होतं, बरोबर तिथून.

"माई, हिला इथून हलवा. आत्ता."

"तू कोण व?"

सुशाताईंनी ओळख करून दिली. माई हसल्या. "डॉक्टर? एवढीशी? बस, चहा घे. मंजू, चहा टाक गं."

मंजू म्हणजे धाकटी. तिचं लग्न ठरलेलं, सिलतऱ्याकडचं सासर, मुलगा तिथल्या एका स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर. मंजू मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "हाँ, डाल रही हूँ. दीदी, शक्कर कितनी?"

मला चहा नको होता. मला हिस्टरी पाहिजे होती. सर सांगायचे, गाय खोटं बोलत नाही पण तिला विचारता येत नाही, म्हणून माणसांना विचारायचं आणि मध्ये बोलायचं नाही. मी पाटावर बसले आणि विचारलं, "माई, आधी पण अशा गाई आल्या आहेत का माहेरी?"

माईंचा चेहरा फुलला. "आमच्या घरचा रिवाजच आहे न. पोट्टीच्या लग्नात कपिलीची कालवड द्यायची. थोरल्या पोट्टीले, प्रभाले देली, भिलाईले. व्यायली आणि लागली वाळाले. आणली घरी. महिनाभरात शेण बांधून आलं, अंग धरलं. परत नेली तं परत तेच. आठवण काढून काढून मेली बिचारी. मग माह्या पुतणीले देली, वत्सलेले. तिचीही तशीच. दोनदा आली माहेरी. मग ही हरणी." मग आवाज खाली आणून, मला काही खास सांगत असल्यासारखं, "आमच्या गाई लय मायाळू. दुसरीकडे रुजतच नाही."

"आल्या की कुठे बांधता?"

"इथंच. आईजवळ. लहानपणीच्या जागी. तिथं बरं वाटते न तिले."

"आणि तेव्हा इथे एखादं वासरू असायचं?"

"असनच न. कपिलीच्या खाली नेहमी एखादं राहतेच. प्रभाची गाय आली तेव्हा वत्सलेची कालवड पीत होती. वत्सलेची आली तेव्हा ही हरणी एवढीशी होती. खेळायची मोठीच्या पायात."

सगळी साखळी माझ्या समोर माई स्वतःच्या तोंडाने, कौतुकाने, ओवून राहिल्या होत्या. कालवडीला आजार इथे लागायचा. उघडायचा सासरी, व्यायल्यावर. मग ती बरी व्हायला माहेरी यायची. या आजारात मध्येच शेण बांधून येतं, दूध आटलं, आराम मिळाला की जरा बरं वाटतं, तेवढ्यावर सगळ्यांचा विश्वास पक्का. आणि बरी होता-होता ती पुढच्या बहिणीच्या कालवडीला आजार देऊन जायची. रिटर्न गिफ्ट.

आणि आता कपिलेच्या पोटात मंजूची कालवड होती. माई म्हणाल्या, कपिलीचं हे शेवटचं. म्हातारी झाली.

मंजू चहा घेऊन आली. "दीदी, मेरी वाली तो ठीक होगी ना? बचपन से सुन रही हूँ, तेरी गाय, तेरी गाय. सबको मिली."

मी म्हटलं, "पाहू." आणि चहा एका घोटात संपवून पळाले, कारण हे माझ्या एकटीच्याने सांगून होणार नव्हतं.

संध्याकाळी सर स्वतः आले. हरणीला आवाराच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. सरांनी कपिलेचंही सॅम्पल घेतलं. माई बघत होत्या आणि त्यांचं बोलणं कमी-कमी होत गेलं.

"तिचं काहून घेऊन राहिले डॉक्टरसाहेब? ती तं धडधाकट आहे."

"आहे न. म्हणूनच घेऊन राहिलो."

"म्हणजे रोग माह्या गोठ्यात आहे म्हणता?"

सरांनी सॅम्पलच्या डबीला झाकण लावलं. माई बोलल्या. बराच वेळ बोलल्या. या घरचं दूध कोणाकोणाच्या पोराले गेलं. कोणत्या घरी बारसं झालं की पहिला तांब्या इथून जायचा. मंजूच्या सासरी हे कळलं तं ते काय म्हणतीन. माहेरच बिघडलेलं आहे म्हणतीन. सर हो-हो करत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माई, तुमी उद्या क्लिनिकले या. मी काही सांगत नाही. तुमीच पाहा." जाता-जाता एवढंच म्हणाले की हरणीचं दूध कोणाला देऊ नका, आणि व्यायल्यावर कपिलेचंही नाही. हा रोग माणसाला लागतो का यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे, पण काळजी म्हणून.

माई आल्या, सुशाताईंना घेऊन. सरांनी हरणीची स्लाइड लावली. माईंनी एक डोळा मिटला, दुसरा लावला. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग मी स्क्रू फिरवून दिला.

"अवं बाई. लाल लाल. रांगोळीवाणी दिसून राहिलं."

"ही हरणी," सर म्हणाले. मग दुसरी लावली.

कपिलेच्या स्लाइडमध्ये शोधावं लागत होतं. मला तो कोपरा सापडायला बराच वेळ लागला होता. पण होता. छोटासा झुपका, तसाच. काही गाई अशाच असतात, स्वतःला काही होत नाही, आयुष्यभर दुसऱ्यांना देत राहतात.

माईंनी पाहिलं. डोळा काढला. परत लावला.

"हे तं सारखंच आहे."

"हव."

"म्हणजे हे माह्याच इथून गेलं."

"हव माई."

त्या स्टुलावर बसल्या. डोळ्याभोवती मायक्रोस्कोपचा गोल उमटला होता, तो पदराने पुसला. मग एकदम लहान आवाजात मला विचारलं, सरांना नाही, मला, "आणि ते आठवणीचं?"

"तसं काही नसतं माई. गाईला आठवण... असेल, मला माहीत नाही. पण हे हगणं आठवणीचं नव्हतं."

"म्हणजे आठवण नव्हतीच कोणाले."

"होती." हे सुशाताई म्हणाल्या. दारापाशी उभ्या होत्या, चपला घालूनच. "गाईले नसन."

माईंनी तिच्याकडे मान वळवली.

"मी जातो म्हटलं तं सासू म्हणते काय काम आहे," सुशाताई म्हणाल्या. "सणाले जाऊन आली न, आता काय काम आहे? गाय आजारी आहे, तिले माहेरी नेतो म्हटलं तं काही म्हणत नाही. गाईचं पुण्य लागते न. टेम्पोही करून देते. गाय गेली का तिच्यासोबत मी. प्रभाताईचंही तसंच होतं." मग माझ्याकडे पाहून, "डॉक्टर, तुमी पाठवू नका म्हटलं होतं. मले समजलं होतं. पण साडी काढून ठेवली होती न मी."

मी मायक्रोस्कोपवर झाकण ठेवलं.

त्या दिवसानंतर माईंनी एकदाही "रोग नाही" म्हटलं नाही. फक्त एकच विचारलं: पोटातल्याचं काय?

सरांचा प्लॅन तयार होता. वासराला जन्मल्या-जन्मल्या उचलायचं. या गोठ्याच्या जमिनीला तोंड लागू द्यायचं नाही. आईचा चीकसुद्धा नाही, कारण चिकातूनही जातो. दुसऱ्या, तपासलेल्या गाईचा चीक पाजायचा. आणि अशा जागी वाढवायचं जिथे कधी गुरं नव्हती.

"आईपासून तोडायची?" माई म्हणाल्या. "चाटूही द्यायची नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"माई, एकदाच पुरते."

"आणि ठेवायची कुठं? रायपुरात गुरं नाही अशी जागा आहे कुठं?"

मला सुचलं आणि मी ओरडलेच, "मंजूचं सासर!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण खरंच! सिलतऱ्याच्या बाजूचं घर. आंगणभर स्पंज आयर्नची काळी धूळ, सकाळी झाडलं तरी दुपारी पाय काळे. त्या घरात कधी शेळी नाही, गाय नाही, शेणाचा पो नाही. माईंना त्या धुळीचंच टेन्शन होतं पहिल्यापासून. आमच्या जंतूच्या हिशोबाने मात्र पूर्ण रायपुरात याच्याइतकी स्वच्छ जागा सापडली नसती.

"लग्नाआधी?" माई म्हणाल्या. "नवरीच्या आधी गाय सासरी जाते का कुठं?"

"माँ, जाने दो ना," मंजू म्हणाली. "मैं बाद में चली जाऊँगी. मुझे कौन सी जल्दी है."

"तुले जल्दी नाही हे माहीत आहे मले, दिवसभर फोनवर राहतेस ते!"

सिलतऱ्याला सर आणि माई दोघं जाऊन सगळं खरं सांगून आले. माई घाबरून गेल्या होत्या, मंजूची होणारी सासू मात्र, अमरावतीकडची बाई, सरळ म्हणाली, "माणसाची पोरं वाढवली, गाईचं काहून नाही वाढवता येणार? फक्त काय पाजायचं ते लिहून द्या बाप्पा, नाहीतर मी वरणभात चारीन."

याच दरम्यान अभनपूरचे जावई सुशाताईंना न्यायला आले. मंडीत धान्याचा व्यापार, शांत माणूस, स्वेटरवर नेहमी कोंडा. हरणीचं ऐकून म्हणाले, "गोशाळेत देऊन देऊ का मग? सेवा होईन तिची."

"नको," मी म्हटलं. "तिथे किती वासरं असतात. विकायची नाही, द्यायची नाही. तुमच्या घरी दुसरं जनावर नाही. तिथेच बांधा, तिथेच राहू द्या. शेण शेतात नका टाकू, खड्ड्यात चुना घालून टाका."

"ठीक आहे. मी नेतो. महिन्या-दोन महिन्यांनी वाटलंच तर इथं..."

"गाय आता इथं येणार नाही जावईबापू," माई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात मंजूच्या लग्नाचे गहू निवडायचं सूप. "सुशी येईन."

"हव, येईन न. सणाले."

"सणाले नाही. तिले वाटलं का येईन. गाय नसन, काम नसन, तरी येईन. तुमच्या आईले सांगजा, माईनं बोलावलं. काहून बोलावलं विचारलं तं म्हणजा मले माहीत नाही."

जावयांनी स्वेटरवरचा कोंडा झटकला. मग म्हणाले, "हव माई." सुशाताई आत गेल्या आणि बराच वेळ नळ सुरू असल्याचा आवाज आला.

कपिला व्यायली ती भर सकाळी. सर बाहेरगावी, मी एकटी! खाली नवी ताडपत्री अंथरलेली. पाय आले, नाक आलं, मी ओढलं, आणि ते लाल, ओलं, गरम ओझं माझ्या हातात. कालवड! मंजूने चादर पुढे केली. आम्ही तिला जमिनीला टेकू न देता गुंडाळलं आणि आवाराबाहेर नेलं.

मागून कपिला हंबरली. एकदाच नाही. मी पुष्कळ गाई विताना पाहिल्या आहेत, त्यानंतरही पाहिल्या, पण ते हंबरणं अजून माझ्या कानात आहे. माई तिच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. म्हणत होत्या, "सासरी गेली व. चांगल्या घरी गेली."

सरांच्या ओळखीच्या, तपासलेल्या डेअरीतून चीक आणून ठेवला होता. मी बाटलीने पाजला. मग मारुती व्हॅन. मागच्या सीटवर मंजू, मांडीवर कालवड. सिलतऱ्याच्या वळणावर मंजूने व्हॅन थांबवायला लावली.

"मैं नहीं आ सकती ना अंदर. शादी से पहले अच्छा नहीं लगता." आणि ती उतरली. तिच्या पिवळ्या ड्रेसवर सगळं वारेचं पाणी. ट्रक जात होते, काळी धूळ उडत होती, आणि ही पोट्टी रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडून राहिली होती, "दूध कुनकुना देना! ज्यादा गरम नहीं!"

आत सासूबाई ताट घेऊन तयार. औक्षण केलं. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. मी म्हटलं, "अहो काकू, हिला उभंसुद्धा राहता येत नाही अजून."

"तुमी धरा. पाय मी लावतो." आणि त्यांनी कालवडीचं ओलं खूर मापाला लावून ते आडवं केलं. "घरात येणारी पहिली सून हीच."

नाव पडलं मोठी. मंजू लग्न होऊन आली तेव्हा ती धाकटी. अजूनही.

आता पुढचं पटपट सांगते. हरणी त्या हिवाळ्यात गेली. अभनपूरलाच, स्वतःच्या खुंटाला. खोल खड्डा, चुना. कपिला पुढे काही वर्षं जगली, शेवटपर्यंत धडधाकट दिसत होती, पण परत गाभण ठेवली नाही. मग माईंनी गोठा उपटला, वरची माती काढून फेकली, चुना टाकला, सिमेंट केलं. तिथे आता वरच्या भाडेकरू साहेबांची गाडी उभी राहते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा कपिलेचा खुंट कुठे होता ते शोधत राहिले, आणि ते करायला मीच सांगितलं होतं.

मोठीची सर दर वर्षी टेस्ट करत. दर वर्षी निगेटिव्ह. ती व्यायली. मी मुद्दाम सिलतऱ्याला गेले. मागे जाऊन उभी राहिले आणि वाट पाहिली. मंजू हातात चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी. मग पडला. गोल, घट्ट, वर छान कड असलेला पो. मी टाळी वाजवली. शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली.

"पाहा न डॉक्टर," मंजू म्हणाली. सासूच्या हाताखाली राहून ती मराठी बोलायला लागली होती, आणि ती पण एकदम अमरावतीची. "पहिलं दूध कोणाले तं मोठीले विचारा. गोडाचं काही केलं का पहिलं ताट मोठीले. मले तं जावेच्या धाकात राहावं लागून राहिलं."

मी आता पुण्याजवळ एका मोठ्या डेअरीत आहे. गाईंच्या कानाला नंबर, शेणाचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर, माझ्या "करून राहिली"ला सगळे हसतात. छोटी लाईन आठवते. लुना आठवते. सर आता क्लिनिकमध्ये बसत नाहीत. इथे नवीन पोरं विचारतात, मॅडम, मोठी गाय खाते चांगलं पण वाळत चालली, शेण पाण्यासारखं, जंताचं औषध लागू पडलं नाही, काय समजायचं? मी सांगते, आधी स्लाइड करा. आणि ती वासरू असताना कोणाशेजारी बांधली होती ते विचारा. पूर्ण विचारा, मध्ये बोलू नका. एवढंच शिकले मी त्या केसमधून, कामाचं म्हणावं असं.

सुशाताई दर दोन-चार महिन्यांनी तात्यापाऱ्यात येतात म्हणे. टेम्पो नाही, छोट्या लाईनने.

कालच मी रजेचा अर्ज टाकला, रायपूरला जायला. बॉसने विचारलं, काय काम आहे?

मी म्हटलं, काही नाही.